फेसाचं पांघरूण

हडपसर सोडून सोलापूर रस्त्याला लागलं की लोणी काळभोरला तेलाच्या टाक्या दिसतात. पांढऱ्या, बुटक्या, रुंद. माझं आजोळ दौंड तालुक्यातलं, त्यामुळे एसटीच्या खिडकीतून त्या टाक्या मी लहानपणापासून पाहत आले. हिंदुस्तान पेट्रोलियमची मुंबईहून निघालेली पाइपलाइन इथे येते आणि पुढे सोलापूरला जाते. इतर तेल कंपन्यांचे डेपोही आसपासच आहेत. अशा टाकीच्या अंगावरून एक पाइप वरच्या काठापर्यंत चढलेला असतो आणि काठाशी लोखंडी डब्यासारखं काहीतरी बसवलेलं असतं. तो पाइप कशाचा, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. टाकी पेटली तर त्यातून आत फेस सोडतात. तेव्हापासून ही वही चालू आहे.

०

पेट्रोलवर पाणी का चालत नाही, हे आधी नीट लिहून ठेवते. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, पाण्याचं एक किलो. पाणी बुडी मारतं. पेट्रोल त्याच्यावर तरंगत, जळत, पसरत जातं. कच्च्या तेलाच्या टाकीत तर त्याहून भयंकर प्रकार होतो. तळाशी साचलेल्या पाण्यापर्यंत उष्णता पोचली की त्याची वाफ होते, ती जवळजवळ सतराशे पट जागा मागते आणि वरचं जळतं तेल टाकीबाहेर उसळतं.

म्हणून पाणी हलकं करायचं. ३ भाग फोमचं द्रव्य, ९७ भाग पाणी (काही द्रव्यांना ६ आणि ९४), आणि नळीच्या तोंडाशी खेचून घेतलेली हवा. १०० लिटर द्रावणाचा ८०० लिटर फेस झाला, तर त्या फेसाचा एक लिटर फक्त सव्वाशे ग्रॅम भरतो. तो तेलावर तरंगतो, तेलाची वाफ खाली दाबून धरतो, आणि त्याच्यातून झिरपणारं पाणी तेलाचा पृष्ठभाग थंड करतं. यात आगीशी झटापट कुठेच नाही. झाकण घालणं आहे, आणि ते झाकण जागेवर राहील अशी काळजी घेणं आहे.

०

आपल्या भाषेत फेसाला फारशी किंमत नाही. तोंडाला फेस येतो तो दमल्यावर. बुडबुडा म्हटलं की संतांपासून सगळ्यांना क्षणभंगुरपणाच आठवतो. अग्निशमन दलाला मात्र नेमका तो बुडबुडा हवा असतो जो फुटत नाही. निदान पाऊण तास, तोही भट्टीसारख्या तापलेल्या पत्र्याशेजारी.

०

खरी अडचण इथे आहे. फेस वाहायलाही हवा आणि थांबायलाही हवा. टाकीच्या एका काठावरून सोडलेला फेस समोरच्या काठापर्यंत आपला आपण पोचला पाहिजे, मध्ये खांब असले तर त्यांना वळसा घालून. त्यासाठी तो पातळ हवा. पण पातळ फेसातलं पाणी भराभर खाली उतरतं आणि वर उरतात ती कोरडी, ठिसूळ टरफलं. घट्ट केला तर तो टिकतो, पण पडल्या जागी ढीग होऊन बसतो आणि पलीकडची आग जळत राहते.

हे समजून घ्यायला मला डब्यातल्या लाडवांची मदत झाली. गोल लाडू डब्यात कसेही टाकले, तर डब्याच्या जागेपैकी साधारण ६४ टक्के जागा लाडवांची आणि उरलेली फटींची. बुडबुड्यांचंही तसंच. फेसात हवा ६४ टक्क्यांहून कमी असेल तर बुडबुडे सुटे फिरतात आणि ते सगळं फेसाळ पाण्यासारखं वाहतं. हवा त्याहून वाढली की बुडबुडे एकमेकांना दाबू लागतात, त्यांची गोलाई जाऊन सपाट बाजू येतात, आणि नुसत्या पाण्याहवेतून बनलेली ही वस्तू घन पदार्थासारखी उभी राहते. तिपटीने फुगलेल्या फेसात हवा ६७ टक्के, म्हणजे जेमतेम उंबरठ्यावर. आठपट फुगलेल्यात साडेसत्याऐंशी टक्के. तो ठराविक जोर लागेपर्यंत हलत नाही आणि जोर लागला की सरकतो. दाढीचा फेस तळहातावर डोंगरासारखा उभा राहतो, पण बोट लावताच पसरतो, तसा.

द्रव म्हणावं की घन, या प्रश्नाचं एक अख्खं शास्त्र आहे, रिऑलॉजी. पुण्याचं त्याच्याशी जुनं नातं आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, १९७६ नंतर डॉ. रघुनाथ माशेलकरांनी न्यूटनचा नियम न पाळणाऱ्या द्रवांवर काम उभं केलं, आणि ती परंपरा पुढेही चालली. पाषाण रस्त्यावरून जाताना मला ती इमारत आता वेगळी दिसते.

०

मामाचं गुऱ्हाळ. काहिलीत रस उकळायला लागला की मळी वर येते. भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकून ती काढतात. त्यानंतर रस आटत येतो तेव्हा एकदम ऊत येतो, सोनेरी फेस काहिलीच्या काठापर्यंत चढतो. गुळव्या घाई करत नसे. तेलाचे चार थेंब टाकायचा, आणि तो सगळा डोंगर खाली बसायचा. मला ती जादू वाटे.

चाळीस वर्षांनी तीच गोष्ट आगीच्या पुस्तकात भेटली. तेलाचा थेंब बुडबुड्याच्या पातळ पडद्यात शिरतो, पडद्याच्या दोन्ही अंगांना जोडतो आणि पडदा तिथूनच फाटतो. गुळव्याला हे हवंच असतं. फोम सोडणाऱ्या जवानाला त्याचीच भीती. फेसाचा झोत जोराने पेट्रोलवर मारला तर फेस आत बुडतो, पडद्यांमध्ये पेट्रोल घेऊन वर येतो, आणि मग फेसच जळू लागतो.

०

रिठ्याचं पाणी घुसळून उंच काचेच्या ग्लासात ओतलं. घड्याळ लावून बसले. तळाशी स्वच्छ पाण्याची रेघ लगेच दिसू लागते, आधी झपाट्याने चढते, मग सावकाश. फोमची परीक्षाही अशीच घेतात. फेसात होतं त्यातलं पाव पाणी खाली उतरायला किती मिनिटं लागली, ते मोजायचं. ती मिनिटं म्हणजे त्या फेसाचं आयुष्य मोजायचं माप.

पाणी उतरतं ते बुडबुड्यांच्या सपाट पडद्यांमधून नव्हे. तीन पडदे जिथे मिळतात तिथे बारीक पन्हाळ तयार होते. सगळं पाणी त्या पन्हाळींच्या जाळ्यातून वाहतं. पन्हाळ रुंद असेल तर पाणी लवकर जातं, आणि पाणी गेलं की पन्हाळ अरुंद होते. म्हणून रेघ आधी झपाट्याने आणि नंतर हळू.

दुसरा बदल वरच्या थरात. अर्ध्या तासाने बुडबुडे मोठे दिसू लागले, फुटल्याचं फारसं दिसलं नसतानाही. लहान बुडबुड्यात दाब जास्त असतो. त्याची हवा पडद्यातून पाझरत शेजारच्या मोठ्या बुडबुड्यात जाते. लहान आणखी लहान होतो आणि नाहीसा होतो. एकसारख्या आकाराचा बारीक फेस अधिक टिकतो तो यामुळेच.

तीन पडदे नेहमी १२० अंशांनी मिळतात, हा नियम बेल्जियमच्या जोसेफ प्लातोचा. साबणाच्या पडद्यांवरचा त्याचा ग्रंथ १८७३ साली निघाला. तोवर त्याला आंधळं होऊन तीस वर्षं झाली होती. प्रयोग इतरांच्या हातांनी, निरीक्षणं इतरांच्या डोळ्यांनी, आणि विचार त्याचा. ग्लासासमोर बसले की तो माणूस आठवतो. न पाहता त्याने जे पाहिलं ते मला डोळे असून पुस्तक वाचल्यावर दिसलं.

०

अग्निशमन सेवा सप्ताह, १४ ते २० एप्रिल. १९४४ साली १४ एप्रिललाच मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणाचा हा आठवडा.

त्यातलं एक प्रात्यक्षिक पाहिलं. मैदानात लोखंडी ट्रेमध्ये डिझेल, वर थोडं पेट्रोल, आणि आग. कोवळा फायरमन ब्रांच, म्हणजे नळीचं तोंड, घेऊन थेट ज्वाळेवर नेम धरायला निघाला. मागून तांडेल, म्हणजे त्याच्या तुकडीचे म्होरके, ओरडले, “अरे, अंगावर मारू नको! पुढ्यात टाक. जमिनीवर पडू दे, मागून ढकल. तो जातो आपला आपण.”

आणि खरंच गेला. ट्रेच्या अलीकडे फेसाचा ढीग साचला, पुढे झुकला, आणि एक पांढरी कड तेलावर सरकू लागली, सतरंजी उलगडावी तशी. ज्वाळा मागे मागे. शेवटी पलीकडच्या कोपऱ्यात, तापलेल्या पत्र्याला चिकटून, एवढीशी निळी जीभ उरली. तिथे पोचणारा फेस चरचरून मरत होता. तांडेल म्हणाले, नेहमी असंच असतं, मधली आग लवकर जाते, कडेची जात नाही.

विझल्यावर एक शाळकरी मुलगा पुढे धावला तर त्यांनी त्याला धरून मागे ओढला. पांघरुणाखाली पेट्रोल तसंच असतं. पाय पडला, भोक पडलं, की वाफ वर येते.

मी त्यांना विचारलं, दुसरे मार्ग कोणते? म्हणाले, समोर भिंत असेल तर भिंतीवर मारायचा, तिथून ओघळू द्यायचा. काहीच नसेल तर उंच उडवून पावसासारखा पाडायचा. तिन्हींत एकच धडपड, फेस तेलावर हलक्या हाताने उतरावा.

०

हिशेब करून पाहिला. टाकी ४० मीटर व्यासाची, म्हणजे पृष्ठभाग साधारण १,२५७ चौरस मीटर. बाहेरून मॉनिटरने, म्हणजे तोफेसारख्या झोतयंत्राने, फेस मारायचा तर चौरस मीटरला मिनिटाला साडेसहा लिटर द्रावण, हे रूढ प्रमाण. म्हणजे मिनिटाला ८ हजार लिटरांवर. त्यात ३ टक्के फोम द्रव्य, मिनिटाला सुमारे २४५ लिटर. तासभरासाठी जवळजवळ १५ हजार लिटर नुसतं द्रव्य, पाणी वेगळं.

या आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. एका ठराविक वेगाखाली फेस टाकला तर आग कधीच विझत नाही, कितीही वेळ टाका. जेवढा पडतो तेवढा उष्णतेने मरतो. त्यामुळे हेच १५ हजार लिटर द्रव्य थोडं थोडं करून दिवसभर वापरलं तर ते सगळं वाया, तेच एका दमात वापरलं तर टाकी वाचते. म्हणून मोठ्या आगीत अनुभवी अधिकारी साठा जमेपर्यंत शेजारच्या टाक्यांवर पाणी मारत थांबतो. बाहेर जमलेल्या लोकांना ते निष्क्रियपण वाटतं, त्यांचा राग समजण्यासारखा असतो. पण त्या वेळी थांबायला फार मोठं धैर्य लागत असणार.

मुंबईच्या बंदरातलं जवाहर द्वीप, ऑक्टोबर २०१७. डिझेलच्या टाकीवर वीज पडली. आग पूर्ण विझायला सुमारे तीन दिवस गेले. जयपूरला २९ ऑक्टोबर २००९ रोजी इंडियन ऑइलच्या डेपोत पेट्रोलच्या वाफेचा स्फोट झाला, त्यात आग विझवायची व्यवस्थाच उद्ध्वस्त झाली. टाक्या जळून संपेपर्यंत जळू द्याव्या लागल्या. अकरा दिवस. फेसाचं सगळं शास्त्र पंप शाबूत असेपर्यंतच.

०

फेसाने तेलाची आग विझवायची कल्पना बाकूतल्या एका शिक्षकाची, अलेक्सांद्र लोरान. विसाव्या शतकाची पहिलीच वर्षं. खाण्याचा सोडा आणि तुरटीच्या जातीचं ॲल्युमिनियम सल्फेट एकत्र आणून त्याने कार्बन डायऑक्साइडचा फेस केला. पुढे अशा फेसाला टिकाऊपणा यावा म्हणून ज्येष्ठमधाचा अर्कही घालत. आपल्याकडच्या जुन्या, उलट्या करायच्या फोमच्या नळकांड्यांत हीच जोडी असे.

बाकूजवळच सुराखानीचं आतेशगाह आहे, एके काळी जमिनीतून आपोआप निघणाऱ्या वायूच्या ज्वाळेचं देऊळ. हिंदुस्थानातून गेलेल्या व्यापाऱ्यांनी आणि साधूंनी तिथे देवनागरीत शिलालेख कोरले, त्यांत गणेशाला नमन आहे. आगीला नमस्कार करणारे आणि आग झाकायला निघालेला, दोघेही त्याच तेलाच्या गावचे. हे मला फार आवडलं, म्हणून इथे लिहून ठेवलं.

०

नुसतं पाणी उकळलं तर उतू जात नाही; दूध जातं. दुधातली प्रथिनं बुडबुड्याच्या पडद्यावर बसून त्याला कणखर करतात. जुना प्रोटीन फोमही याच तत्त्वावर चालतो. जनावरांच्या खुरांची आणि शिंगांची भुकटी शिजवून, विघटित करून, लोहाचे क्षार घालून केलेलं काळपट द्रव्य. वास असा की एकदा घेतला की विसरत नाही. हा फेस चिवट, उष्णता सोसणारा, पण चालीने मंद.

०

मग आला ए-ट्रिपल-एफ. जवान त्याला हेच म्हणतात. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६०च्या दशकात तो तयार झाला. २९ जुलै १९६७ रोजी फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर आग लागून १३४ जण मेल्यावर त्याचा प्रसार वाढला.

त्याची करामत पृष्ठताणाची. मिलिन्यूटन प्रति मीटरमध्ये पाण्याचा पृष्ठताण ७२, पेट्रोलचा विसाच्या आसपास, आणि या द्रावणाचा १६-१७. म्हणजे पेट्रोलहूनही कमी. त्यामुळे फेसातून झिरपलेलं पाणी बुडत नाही, तेलावरच कागदाहून पातळ पापुद्रा होऊन फेसाच्या पुढे धावतं. जड वस्तू हलक्या वस्तूवर पसरते. इथे फेसाने पाणी सांडणं हा दोष राहत नाही, तेच त्याचं काम होतं.

हे ज्या रसायनांमुळे जमतं त्यांत कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध असतो, आणि तो निसर्गात सहजी तुटत नाही. या रसायनांना पीफास म्हणतात. सरावाच्या मैदानांखालच्या पाण्यात, माशांत, माणसांच्या रक्तात ती सापडली. त्यांतलं पीएफओएस २००९ साली आणि पीएफओए २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं.

इटलीत व्हिचेंझाजवळ मिटेनी नावाचा कारखाना या कुळातली रसायनं करायचा. भूजल नासलं, २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला, जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. त्याची यंत्रसामग्री मात्र समुद्र ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामला आली. चिपळूणहून अर्ध्या तासावर, वाशिष्ठीच्या खाडीच्या शेजारात. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. तिकडे जे नको म्हणून बंद पडलं ते इकडे कोकणातल्या पाण्याशेजारी का चालावं, याचं उत्तर कोणीतरी लोट्याच्या आसपास राहणाऱ्यांना समोर बसून द्यायला हवं.

०

या भीतीने फोममधून फ्लोरिन काढलं, की पापुद्राही जातो. सगळा भार पुन्हा बुडबुड्यांवर. म्हणून तर फेस कसा वाहतो, कुठल्या जोराला सरकतो, पाणी किती मिनिटं धरतो, हे प्रश्न आज प्रयोगशाळांत नव्याने ऐरणीवर आले आहेत. नवे फोम दाट असतात. जुन्या पंपांतून आणि मिश्रण करणाऱ्या यंत्रांतून ते त्याच प्रमाणात ओढले जातील असं धरून चालत नाही. ३ टक्क्यांच्या जागी दीड टक्का गेलं तर फेस फसतो. कॅन बदलून भागत नाही. पंप, ब्रांच, जवानाचा हात, सगळंच पुन्हा जुळवावं लागतं.

०

आळंदी. इंद्रायणीवर बंधाऱ्याखाली पांढऱ्या फेसाचे तरंगते गालिचे. साबणाची, डिटर्जंटची द्रव्यं पाण्यात उतरलेली, आणि बंधाऱ्यावरून पडताना मिसळणारी हवा. फोमच्या ब्रांचमध्ये होतं तेच इथे नदीत होतं. कार्तिकीला वारकरी तो फेस हाताने बाजूला सारून बुडी घेतात. दूरवरून आलेली म्हातारी माणसं. त्या फेसाच्या टिकाऊपणाचं मोजमाप मी केलं नाही. करवलं नाही.

०

१३ जून २०२३. द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ कुणे पुलावर मिथेनॉलचा टँकर उलटला आणि पेटला. जळतं द्रव पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं. चार जण गेले. त्यांत पुलाखालून जाणारा एक मुलगाही होता.

मिथेनॉल, इथेनॉल, ॲसिटोन ही पाण्याशी मिसळणारी द्रवं. त्यांच्यावर साधा फोम टाकला तर ती बुडबुड्यांच्या पडद्यातलं पाणीच ओढून घेतात. फेस तव्यावरच्या बर्फासारखा दिसेनासा होतो. त्यांच्यासाठी अल्कोहोल सोसणारा वेगळा फोम लागतो. त्यात झँथन गमसारखा डिंक असतो, आइस्क्रीममध्ये घालतात तोच. फेस अल्कोहोलवर टेकला की दुधात लिंबू पडावं तसा डिंक द्रावणातून बाहेर येतो आणि त्याची चिवट साय जमते. त्या सायीवर उरलेला फेस सुखरूप राहतो. पण साय जमेपर्यंत तो अलगद टेकलेला असावा लागतो. इथे आपटला तर सगळंच बुडालं.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. दौंड, इंदापूर, बारामतीच्या साखर कारखान्यांशेजारी इथेनॉलच्या टाक्या उभ्या राहिल्या. ज्या उसाच्या रसावर मामाचा गुळव्या तेलाचे थेंब टाकायचा त्याच उसाचं हे इथेनॉल टँकरमधून सोलापूर रस्त्याने येतं. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत सॉल्व्हंटचे कारखाने आहेतच. या रस्त्यावर वर्दी आली आणि गाडीत साध्या फोमचे कॅन असले, तर?

०

हाच प्रश्न त्या तांडेलना पुन्हा भेटून विचारला. ते काही बोलले नाहीत. गाडीचं शटर वर केलं आणि दोन कॅन काढून समोर ठेवले. पहिला हलवला, आत पाण्यासारखं डुचमळलं. दुसरा हलवला, आवाजच नाही.

“हा दारूवाला,” ते म्हणाले. “थंडीत पंप याला ओढायला कुरकुरतो. म्हणून डिसेंबरात आम्ही एकदा चालवून बघतो.”

झाकण उघडून त्यांनी कॅन एका मगावर तिरका केला. काही क्षण काहीच आलं नाही. मग तोंडाशी एक जाड, फिकट जीभ आली, थबकली, आणि कॅन जरासा हलवताच एकदम पातळ होऊन मगात उतरली. मग सरळ ठेवल्यावर तिचा उंचवटा मोडायला बराच वेळ लागला. आम्ही दोघंही तो बसेपर्यंत पाहत उभे होतो.